बाबूंचा भागाकार

नवी वेतनश्रेणी मंजूर झाल्याची बातमी ज्या दिवशी पेपरात आली, त्या दिवशी आमच्या मुख्याध्यापकांनी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपुरात, रेल्वे लाईनच्या पलीकडे, दोन कडुनिंबांच्या मधे आमची चौथीपर्यंतची कौलारू सरकारी शाळा होती. मुख्याध्यापक धरून आम्ही सहा जण तिथं शिकवत होतो. त्यात मी सगळ्यांत लहान आणि एकटीच बाई. नोकरीला लागून मला चार वर्षं झाली होती.

पेपर काही आम्हीच वाचत नव्हतो. तिसरीच्या गुरुजींच्या घरमालकानंही तो वाचला आणि त्याच महिन्यात भाडं वाढवलं. आमच्या वस्तीतला किराणावाला, जो एरवी माझ्या आईला शेंगदाणे चिवडू द्यायचा, तो आता म्हणू लागला की तुमच्या पोरीला सरकारनं भरून दिलं, तुम्हाला भावाची काय पडली. आमच्या वाढीतून सगळ्यांची काही ना काही वाढ झाली. आम्ही तेवढे जिथल्या तिथं होतो.

सगळ्यांत जास्त आनंद माझ्या वडिलांना झाला होता. ते मिलमध्ये सूतखात्यात होते. धम्मदीक्षेच्या वर्षी मी सहा वर्षांची होते, आणि त्याच वर्षी त्यांनी माझं बोट धरून मला शाळेत नेऊन बसवलं होतं. पोरगी मास्तरीण होणार हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. बातमी आली तशी ते मिलच्या फाटकात उभं राहून माझा नवा पगार लोकांना सांगू लागले. पुढच्या दोन वर्षांत मिलमध्ये करार होऊन त्यांचा स्वतःचा पगार दोनदा वाढला. दर एक तारखेला मी घरी आले की डबा धुताधुता ते विचारायचे, "आली का वं तुही वाढ?" मी नाही म्हणायचे. मग ते डबा जरा जास्त वेळ घासायचे.

वाढ मंजूर होणं आणि वाढ मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दोन वर्षांत कळलं. जुन्या पगारावरून नव्या श्रेणीत कोणाला कुठल्या पायरीवर बसवायचं, हे कचेरीतल्या बाबूनं प्रत्येकाचं सेवापुस्तक बघून आकडेमोड करून काढायचं असतं. त्याला वेतननिश्चिती म्हणतात. ती झाली की नवा पगार आणि मागची थकबाकी. आणि ती होत नव्हती. आम्ही अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं दिली. कचेरीकडून उत्तर यायचं की प्रकरण विचाराधीन आहे.

शेवटी शिक्षकांच्या संघटनेनं सांगितलं की एक आठवडा काळ्या फिती लावून काम करा. आमचे मुख्याध्यापक भित्रे नव्हते, पण लेखी आल्याशिवाय त्यांना काहीच करता येत नसे. त्यांनी संघटनेला पत्र लिहून फितीची रुंदी विचारली. उत्तर येईना, तेव्हा चौथीच्या गुरुजींनी आपली जुनी छत्री आणली आणि तिच्या कापडाच्या सहा पट्ट्या कापून प्रत्येकाच्या दंडाला टाचणीनं लावून दिल्या.

त्या सोमवारी पोरांना सोडायला आलेल्या आया फाटकाशीच थांबल्या. आपसात कुजबुज सुरू झाली. शाळेत कोणी गेलं असणार हे उघडच होतं. प्रश्न एवढाच होता की कोण. त्यांनी आम्हाला मोजलं. पाचच भरलो. तिसरीचे गुरुजी त्या दिवशी तापानं घरी होते, आणि त्यांची फीत टेबलावर तशीच पडून होती. मधल्या सुट्टीपर्यंत वस्तीभर झालं. दुपारी त्यांच्या घरी पंधरा-वीस बाया पोचल्या, त्यातल्या दोघी-तिघी तर दारातच बसून रडू लागल्या. गुरुजी आत गोधडी घेऊन पडले होते. ते उठून बाहेर आले, तेव्हा एक म्हातारी घाबरून पायरीवरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. पुढचे आठ दिवस तिच्या घरचे शाळेत येऊन मुख्याध्यापकांना विचारत होते की खर्चाचं काय. फिती दुसऱ्याच दिवशी निघाल्या.

मग असं ठरलं की दोघांनी कचेरीत जाऊन समक्षच काय ते बघावं. चौथीचे गुरुजी आणि मी. गुरुजी सगळ्यांत जुने, म्हणून. आणि बाईमाणसाशी बाबू नीट बोलतात असं मुख्याध्यापकांचं मत होतं, म्हणून मी.

या गुरुजींबद्दल सांगायला हवं. ते सावनेरच्याही पुढच्या एका खेड्यातले. तिकडे त्यांची थोडी शेती होती, बायको तिथंच राहून ती बघायची. गुरुजी नागपुरात एका खोलीत राहायचे आणि दर शनिवारी शाळा सुटली की बस धरून गावाला जायचे, सोमवारी पहाटे परत. निवृत्तीला सव्वा-दीड वर्ष उरलं होतं. पोरांना त्यांनी कधी मारलेलं मी पाहिलं नाही, पण पाढे म्हणताना एखादं पोर अडखळलं की ते डोळे मिटून घ्यायचे, जणू त्यांनाच काही टोचलं. ते बघून पोर आपोआप मागं जाऊन पुन्हा सुरू करायचं.

कचेरी सिव्हिल लाईन्सच्या बाजूला एका लांबट बराकीत होती. उन्हाळ्याचे दिवस, दाराला वाळ्याची ताटी, शिपाई तिच्यावर पाणी मारतो आहे. आमचे बाबू आतल्या कोपऱ्यात बसत. चाळिशी ओलांडलेले, पांढराशुभ्र शर्ट, टेबलावर धूळ नाही, फायली लाल फडक्यात नीट बांधलेल्या. आणि अक्षर असं की छापल्यासारखं. मला तर ते अक्षर बघून वाटलं, आता आपलं काम झालंच.

पहिल्या खेपेला त्यांनी दाखवलं की माझ्या सेवापुस्तकातला अंगठ्याचा ठसा पुसट आहे. तो ठसा आम्ही नव्यानं करून नेला, तर तिसरीच्या गुरुजींच्या जन्मतारखेत काना राहिला होता. काना दिला, तर मुख्याध्यापकांचा शिक्का गोल होता आणि तो चौकोनी पाहिजे होता. दर वेळी बाबू फार नम्रपणे बोलायचे, पाणी विचारायचे, आणि त्रुटी एका स्वच्छ कागदावर त्या सुंदर अक्षरात लिहून द्यायचे.

तिसऱ्या खेपेहून परतताना मी सायकल हातात धरून चालत होते आणि रागानं बोलत होते. मी म्हटलं, याला पैसे हवेत. गुरुजींनी मान हलवली. म्हणाले, पैसे पाहिजे असणारा माणूस असा दिसत नाही. पाटी फुटली, पेन्सिल हरवली, घरी पाहुणे आले होते, ही कारणं मी चाळीस वर्षं ऐकतो आहे. या माणसानं गृहपाठ केलेला नाही, आणि न करण्याचं कारण आळस नाही.

चौथ्या खेपेला चौकोनी शिक्का मारलेला कागद घेऊन आम्ही गेलो. बाबू तो निरखत होते, तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं त्यांच्या टेबलावरचा एक कागद उडून गुरुजींच्या पायाशी आला. गुरुजींनी उचलला आणि चष्मा लावून बघत राहिले. मीही डोकावले. कुठल्या तरी शिक्षकाचा अर्ध्या महिन्याचा पगार काढायचा होता, त्यासाठी महिन्याच्या रकमेला एकतीसनं भागायचं होतं. कागदावर भागाकार नव्हता. वर ती रक्कम, खाली एकतीस वजा, जे उरलं त्यातून पुन्हा एकतीस वजा, पुन्हा वजा. पान भरून वजाबाक्या, एकाखाली एक, मोत्यासारख्या आकड्यांत. शेवटी किती वेळा वजा केलं ते उभ्या रेघा मारून मोजलं होतं.

गुरुजींनी कागद परत ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "उत्तर बरोबर हाय तुमचं, बाबूजी. फक्त रस्ता लांबचा धरला तुमी."

बाबूंचा चेहरा पार उतरला. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. मला वाटलं आता चिडतील आणि आमचा कागद भिरकावून देतील. ते उठले आणि आम्हाला बाहेर आलूबोंडेवाल्याच्या टपरीवर घेऊन गेले. तिथं उभ्याउभ्या त्यांनी सगळं सांगितलं. ते कचेरीत शिपाई म्हणून लागले होते. अक्षर चांगलं, म्हणून साहेब लोक त्यांच्याकडून पत्रं उतरवून घ्यायचे. त्या अक्षरावरच ते पुढे बाबू झाले. पण शाळेत चौथीत असताना त्यांना देवी आल्या, चार महिने घरी राहिले, आणि ते परत गेले तेव्हा वर्गात भागाकार होऊन गेला होता. तो जो राहिला तो राहिलाच. खात्याची परीक्षा त्यांनी तीनदा दिली, तीनदा नापास झाले. ती पास झाल्याशिवाय त्यांची स्वतःची वाढ मिळणार नव्हती. ती सहा वर्षांपासून अडकली होती.

मी म्हटलं, "म्हणजे तुमचीही अडकली आहे?"

"हाव बाई. माह्याआधीच्या बाबूनं वेतननिश्चिती चुकवली तं त्याच्या पगारातून वसुली झाली. म्हणून मी कोणाचीच करत नाही. केली नाही तं चुकत नाही."

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. चारशे शिक्षकांच्या वाढी या माणसाच्या चौथीतल्या देवींपाशी येऊन थांबल्या होत्या. गुरुजींनी आलूबोंडा संपवला, हात पुसले आणि विचारलं, "पुढची परीक्षा कधी हाय?"

बाबू म्हणाले, डिसेंबरात.

"मंग या रविवारपासून या शाळेत. सकाळी आठ वाजता. वही आणजा."

मी गुरुजींकडे बघतच राहिले. रविवारी ते गावी असायचे. त्यांनी पुढे सात महिने गावाला जाणं जवळजवळ बंदच केलं. त्यांच्या बायकोचा निरोप दर आठवड्याला सावनेरच्या बसच्या कंडक्टरबरोबर यायचा, आणि तो कंडक्टर तो निरोप स्टँडवर चारचौघांत मोठ्यानं सांगायचा. एकदा निरोप होता की तूर कापायला आली आहे, नवरा कुठे आहे हे कळवावं.

मुख्याध्यापकांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. शिकवायला हरकत नव्हती. पण शाळेची इमारत सुट्टीच्या दिवशी उघडायची तर कचेरीची लेखी परवानगी लागते. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, "प्रौढ व्यक्तीस अध्यापन करणेकरिता." तो अर्ज कचेरीत ज्या टेबलावर गेला ते टेबल अर्थातच बाबूंचं होतं. परवानगी त्याच दिवशी आली, जावक क्रमांकासह. माझ्या सगळ्या नोकरीत एका दिवसात मंजूर होऊन आलेला तो एकच कागद.

पहिल्या रविवारी बाबू पावणेआठला हजर. तोच पांढरा शर्ट, हातात नवी वही, तिला तपकिरी कागदाचं कव्हर आणि कव्हरावर नाव, इयत्तेच्या जागी रेघ. चौथीच्या वर्गातले बाक लहान. ते तिरपे होऊन कसेबसे बसले आणि गुडघे वर आले. गुरुजींनी पाढ्यांपासून सुरुवात केली. दोनचा पाढा म्हणायला लावला तेव्हा मला फार संकोच वाटला आणि मी बाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभी राहिले. आतून बाबूंचा खणखणीत आवाज येत होता. सतराच्या पाढ्यात ते अडखळले. मग ते सतरा एके सतरापासून पुन्हा सुरू झाले, तेव्हा मला कळलं की गुरुजींनी डोळे मिटले असणार.

माझ्याकडे नियमांचा विषय आला. सेवानियमांचं जाडजूड पुस्तक, आणि त्यातलं एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. बाबूंना ती वाक्यं सुंदर अक्षरात उतरवता यायची, पण त्यांचा अर्थ लावायची त्यांना भीती वाटायची. वाक्यात "तथापि" आला की ते थांबायचे, जणू पुढे कुत्रा बसला आहे. मी त्यांना म्हटलं, "बाबूजी, आधी वाक्य पुरतं वाचा, मग घाबरा." हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

विद्यार्थी म्हणून ते सोपे नव्हते. गृहपाठ राहिला की कारणं द्यायचे, आणि चाळीस वर्षं ती कारणं ऐकलेल्या माणसासमोर द्यायचे. एकदा म्हणाले, वही शेळीनं खाल्ली. गुरुजींनी विचारलं, तुमच्याकडे शेळी केव्हापासून आहे. तर म्हणे शेजाऱ्यांची. भागाकारात बाकी उरली की ते अस्वस्थ व्हायचे. त्यांना वाटायचं, उरलं म्हणजे कोणाचं तरी द्यायचं राहिलं. गुरुजींनी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं की बाकी उरणं म्हणजे चूक नाही. हे पटायला त्यांना दोन महिने लागले. ज्या रविवारी पटलं त्या रविवारी ते वर्गात एकटेच हसत होते.

आमच्या फायलींबद्दल वर्गात एक शब्दही काढायचा नाही, असं गुरुजींनी सगळ्यांना बजावलं होतं. तिसरीच्या गुरुजींना हे अजिबात पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, बाबूंना सरावाला गणितं द्यायचीच आहेत तर आपल्याच पगाराची द्या. एका रविवारी ते मुद्दाम आले आणि एका "काल्पनिक शिक्षकाची" वेतननिश्चिती करायला दिली. काल्पनिक शिक्षकाची जन्मतारीख, लागल्याची तारीख, सगळं त्यांचंच होतं. बाबूंनी गणित सोडवलं, उत्तर काढलं आणि वर बघून म्हणाले, गुरुजी, या काल्पनिक शिक्षकाच्या जन्मतारखेत काना राहिला होता तो हाच का.

माझ्या वडिलांना हे प्रकरण कळलं तेव्हा त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. मग म्हणाले, आमच्या मिलमध्ये वाढ पाहिजे असली तर आम्ही मशीन बंद करतो. तुमच्यात मालकाच्या मुनीमाला शिकवावं लागते, हे नवीन ऐकलं. पण पुढच्या रविवारी त्यांनी माझ्याजवळ बाबूंसाठी घरची बोरं दिली. म्हणाले, "अभ्यास करून राहिला न माणूस, भूक लागते."

डिसेंबरात परीक्षा झाली. अधिवेशनाचे दिवस, शहरभर मोर्चे. बाबूंच्या परीक्षेच्या वाटेवर एक मोर्चा आडवा आला, आणि तो निघाला शिक्षकांचाच, आमच्याच वाढीचा. बाबू सायकल खांद्यावर घेऊन त्यातून पार झाले. नंतर त्यांनी सांगितलं की लोक घोषणा देत होते आणि ते मनात सतराचा पाढा म्हणत होते.

निकाल मार्चात आला. बाबू पास झाले. गणितात त्यांना असे गुण मिळाले की कचेरीत साहेबांनी बोलावून विचारलं, शेजारी कोण बसलं होतं. ते शाळेत पेढे घेऊन आले आणि गुरुजींच्या पाया पडले. गुरुजी एवढे संकोचले की त्यांनी खडूचं खोकं उघडून खडू मोजायला सुरुवात केली. पोरांना कळेना की या मोठ्या माणसाला पेढे वाटायला काय झालं. मी सांगितलं, पास झाले. पोरांना ते पूर्णपणे पटलं.

बाबूंची अडकलेली वाढ एका महिन्यात सुटली. आम्ही वाट बघत होतो. पुढच्या आठवड्यात त्यांना बढतीही मिळाली. आणि बढतीबरोबर बदली. तिसऱ्याच दिवशी ते शाळांना बाक, फळे आणि तरटपट्ट्या पुरवणाऱ्या विभागात गेले.

हे ऐकून मुख्याध्यापक खुर्चीत बसले ते उठेनात. तिसरीचे गुरुजी म्हणाले, मी सांगत होतो, तेव्हाच करून घ्यायची होती. मी बोटांवर मोजत होते. सात महिन्यांचे रविवार. चौथीचे गुरुजी तेवढे म्हणाले, "पोरगं पास झालं तं पाचवीतच जाईन न. त्याले चौथीतच ठेवाचं का?" मला त्या क्षणी त्यांचाही राग आला.

बाबूंच्या जागी नवीन बाबू आले होते, तरणे, पदवीधर. त्यांना भागाकार उत्तम येत होता. फक्त सेवानियमांचं पुस्तक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या शाळांना पत्र पाठवलं की प्रकरण विचाराधीन आहे.

त्यानंतरच्या रविवारी माझी छत्री शाळेत राहिली होती म्हणून मी गेले. चौथीचा वर्ग उघडा होता. गुरुजी दारात स्टुलावर बसून विडा लावत होते. आत आमचे बाबू फळ्यापाशी उभे, आणि त्या लहान बाकावर नवीन बाबू तिरपे होऊन बसलेले. आमच्या बाबूंनीच त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणलं होतं. नवीन बाबू एका नियमाशी अडले होते. आमचे बाबू त्यांना म्हणाले, "आधी वाक्य पुरतं वाचा, मग घाबरा." माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं तेव्हा ते जरा लाजले. पण शिकवताना ते आमच्या दोघांपेक्षाही कडक होते. नवीन बाबूंनी गृहपाठ न केल्याबद्दल काही सबब सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, शेळीचं मला सांगू नका.

पावसाळा संपता संपता वेतननिश्चितीचे आदेश निघू लागले. आमच्या शाळेचे सगळ्यांत शेवटी निघाले, कारण यादी शहराच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू होत होती आणि आमच्या बाबूंनी नवीन बाबूंना शिकवलं होतं की यादी मधून धरायची नसते. पण निघाले. ज्या एक तारखेला नवा पगार हातात पडला त्या दिवशी वडिलांनी नोटा माझ्या हातून घेतल्या, मोजल्या नाहीत, फक्त हातात धरून बसले आणि मग आईकडे दिल्या. थकबाकीतून मी सायकलला नवे टायर टाकले आणि उरलेल्या पैशात आईला शिलाई मशीन घेऊन दिली.

राहिले ते चौथीचे गुरुजी. आदेश निघायच्या दोन महिने आधी ते निवृत्त झाले होते आणि गावी निघून गेले होते. त्यांच्या वेतननिश्चितीच्या कागदावर त्यांची सही पाहिजे होती. डाकेनं पाठवला असता, पण आमच्या बाबूंनी तो नवीन बाबूंकडून मागून घेतला आणि मला विचारलं, येता का. एका रविवारी आम्ही दोघं बसनं सावनेर आणि तिथून पुढे बैलगाडीनं गेलो.

गुरुजी कपाशीत होते. डोक्याला दुपट्टा, अंगात बंडी. आम्हाला बघून त्यांनी बायकोला हाक मारली. ती बांधावरून आली आणि बाबूंना वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तं हे होय ते रविवारवाले." बाबूंनी तिलाही वाकून नमस्कार केला.

गुरुजींनी चष्मा मागवला आणि कागद वाचायला घेतला. सही करतील म्हणून मी पेन उघडून धरलं होतं. ते बोटानं एकेक आकडा चालत गेले. एका ओळीशी थांबले, आणि डोळे मिटले. बाबूंचा चेहरा पांढरा पडला.

"भागाकार चोख हाय," गुरुजी म्हणाले. "पण मी एका हिवाळ्यात बिनपगारी रजा घेतली होती, लेकीच्या लग्नात. ते दिवस वजा केले नाही. दर महिन्याले दोन रुपये जास्त धरून राहिले तुमी मले."

मी म्हटलं, गुरुजी, राहू द्या. बाबूही काही तरी पुटपुटले. गुरुजींच्या बायकोनं तर सरळच सांगितलं, "चुकलं तं चुकलं. आपल्याच बाजूनं चुकलं न? करा सही."

त्यांनी सही केली नाही. उद्या नवीन बाबूंच्या पगारातून वसुली निघेल, म्हणाले, तरणा माणूस आहे. कागद घडी करून त्यांनी बाबूंच्या हातात दिला, आणि ती वजाबाकी कुठं मांडायची ते बोटानं दाखवलं. बाबू मान खाली घालून हो, हो म्हणत होते. गुरुजींची बायको पाय आपटत घरात गेली. पण थोड्या वेळानं तिनं आम्हाला जेवायला हाक मारली. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी होती. जेवताना ती बाबूंना आग्रह करकरून वाढत होती आणि प्रत्येक वेळी वाढताना म्हणत होती की दोन रुपयांपायी माणूस इतक्या दूर आला.

दुरुस्त कागद कचेरीतून फिरून यायला सात महिने लागले. एवढ्या वेळात गुरुजींचा कापूस वेचून झाला, विकून झाला. पैसे हातात पडले तेव्हा त्यांनी मला पोस्टकार्ड टाकलं. त्यात पैशाबद्दल एकच ओळ होती. बाकी सगळं पत्र नवीन बाबूंबद्दल होतं. पोरगा हुशार आहे, पण कागदावरची खाडाखोड बघता वजाबाकी करताना हातचा विसरतो, आणि त्याला पुढच्या रविवारी गावाकडे पाठवून द्यावं.